ऑनलाइन व्यवसायाचे धोरण : येरवडा पद्धत

ऑनलाइन व्यवसायाचे धोरण बहुधा नोकरीत असताना, पगारी वेळेत तयार होते. साहित्य फारसे लागत नाही: एक लॅपटॉप, कंपनीचे वाय-फाय आणि आपली खरी किंमत साहेबाला कळलेली नाही अशी पक्की खात्री. पुण्यातल्या येरवड्यात हे तिन्ही मुबलक आहे. कॉमरझोनसारखी आयटी पार्क इथे उभी राहिल्यापासून रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर दुपारच्या जेवणानंतर धोरणे आखण्याचा उद्योग भरभराटीला आला असून एका चहात साधारण एक कंपनी स्थापन होते. दुसरा चहा मागवला तर भागीदारांचे हिस्से ठरतात. तिसऱ्यापर्यंत भागीदारी फुटलेली असते, पण तो विषय वेगळा.

हे धोरण घरी कसे सांगावे, याविषयी व्यवस्थापनाची पुस्तके गप्प आहेत. येरवड्यात ही पायरी टाळता येत नाही. महाराष्ट्रात या भागाचे नाव दोन संस्थांमुळे घरोघरी पोचले: १८७१ साली उभारलेले मध्यवर्ती कारागृह आणि १९१५ पासून इथे असलेले मनोरुग्णालय. त्यामुळे ‘नोकरी सोडून इंटरनेटवर चिवडा विकणार’ हे वाक्य उच्चारताच घरातल्या ज्येष्ठांना दोन शक्यता दिसू लागतात. पैसे बुडाल्यावर पहिली संस्था, आणि बुडण्याआधीच दुसरी. ‘याला येरवड्याला न्यायला हवं’ हा शेरा हल्ली सभ्य माणसे मारत नाहीत. घरची माणसे मारतात. मूळ येरवडेकरांच्या घरात मात्र त्याला धार राहत नाही, कारण न्यायचे म्हटले तर रिक्षासुद्धा करावी लागत नाही.

चिवडा हे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे. मराठी माणसाच्या ऑनलाइन धोरणांपैकी मोठा भाग फराळ, मसाले, पापड आणि तूप यांच्याभोवती फिरतो. उरलेला भाग हातमागाच्या साड्या आणि ‘ॲप’ यांच्यात विभागलेला असतो. ॲप म्हणजे काय विकायचे ते अजून ठरलेले नाही.

धोरणाचा पहिला आणि सर्वांत लांब टप्पा नामकरणाचा. मनात असलेले नाव डॉट कॉममध्ये कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असते. तो गृहस्थ त्या नावाने काहीही विकत नाही; नाव तेवढे विकायला काढतो, आणि खरे तर या साऱ्या प्रकरणात यशस्वी ऑनलाइन व्यवसाय त्याचाच असतो. मग डॉट इनकडे मोर्चा वळतो. हा पत्ता २००५ पासून सर्वांना सहज मिळू लागल्याने सुगरण, अन्नपूर्णा, माजघर, आजी आणि गावरान हे शब्द तिथेही केव्हाच संपले आहेत. शेवटी त्यांची जोडणी करून ‘आजीचे गावरान माजघर’ सापडते आणि तीन आठवडे कारणी लागतात. ‘येरवडा’ हा शब्द मात्र कुणीच घेत नाही. ‘येरवडा चिवडा’ असे यमक फुकट मिळत असताना, एकदा ऐकल्यावर विसरता येणार नाही असे नाव समोर असताना, खोक्यावर छापले जाते ‘कल्याणीनगरजवळ, पुणे’. शेजारच्या उच्चभ्रू कल्याणीनगरच्या बऱ्याच भागाचा पिनकोड येरवड्याचाच, ४११००६, असल्यामुळे टपाल खात्याला हा भेद दिसत नाही. तो पाहुण्यांना दिसतो.

नावानंतर बोधचिन्ह. त्यात एक हिरवे पान असावे असा संकेत आहे. पदार्थ तळणीचा असला तर दोन.

बाजारपेठेचा अभ्यास व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटावर होतो. ‘आपण घरगुती चिवडा सुरू केला तर कसं वाटेल?’ या प्रश्नावर काही मिनिटांत अंगठे, फुले आणि हात जोडलेल्या मुद्रा यांचा पाऊस पडतो. एक काका ‘उद्योगाचे घरी लक्ष्मी येई’ छापाचे सुविचार असलेले चित्र पाठवतात. ते सकाळीही पाठवत असतात, पण आज ते अभ्यासात धरले जाते. यावरून मागणी प्रचंड आहे असा निष्कर्ष काढतात. विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच असतो: गेल्या दिवाळीत चिवडा कुठून आणला, किती आणला आणि किलोला काय दिले? त्याची उत्तरे साधारणतः ‘घरी केला’, ‘कोपऱ्यावरच्या काकूंकडून’ आणि ‘आठवत नाही, ह्यांनी आणला’ अशी येतात. बहुतेक धोरणे या उत्तरांपाशीच संपली असती, म्हणून तो प्रश्न विचारण्याची प्रथा नाही.

यानंतर चौकोन. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर या स्विस लेखकाने अख्खा व्यवसाय एका कागदावर नऊ चौकोनांत मांडण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि २०१० च्या सुमारास तिच्यावरचे पुस्तक जगभर पोचले. ग्राहक कोण, त्याला काय मिळणार, ते कोणत्या मार्गाने पोचणार, पैसे कुठून येणार, कुठे जाणार, असे सरळ प्रश्न त्यात आहेत. पद्धत चांगली आहे. दोष भरणाऱ्याचा. ग्राहकाच्या चौकोनात ‘सर्व वयोगट’ असे लिहिले जाते, स्पर्धकाविषयी विचारले तर ‘आमच्या दर्जाचा कुणीच नाही’ असे उत्तर येते. खर्चाचा चौकोन कागदाच्या तळाशी डावीकडे आणि उत्पन्नाचा उजवीकडे असतो. रंगीत चिकटचिठ्ठ्या नेहमी उजवीकडे आधी संपतात.

नेमकेपणाने आखणी कशी करावी, याचा एक नमुना येरवड्याशी जोडलेला आहे आणि तो कुठल्याही आयटी पार्कपेक्षा जुना आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या जाहीरनाम्यात दूरदृष्टी, ध्येय, मूल्ये वगैरे मथळे नव्हते. चरखा हलका आणि उचलून नेता येईल असा हवा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. एका स्त्रीला फार न दमता आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे. तो भारतात तयार व्हावा आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. नीट निगा राखली तर २० वर्षे टिकावा आणि भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. ग्राहक कोण, ती कुठे बसते, किती दमते, किती देऊ शकते आणि मोडल्यावर काय, हे सगळे अर्ध्या पानात आले. चौकोन एकही नाही.

या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस वाटले गेले नाही, ही गोष्टही धोरणाच्या विद्यार्थ्याने पाहून ठेवण्यासारखी आहे. आखणी नेमकी असली की ती फसली हे तरी कळते. ‘सर्व वयोगट’ कधी फसतच नाहीत. पुढे १९३० च्या येरवड्यातल्या कारावासात गांधीजींनी पेटीत घडी होऊन मावणाऱ्या चरख्यावर कातले, त्यात सुधारणा घडवल्या, आणि तो चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर गेला. कारागृहाचे नाव मालाला दिल्याने खप घटल्याची तक्रार कुठे आढळत नाही. ‘कल्याणीनगरजवळ’ छापणाऱ्यांनी याची नोंद घेतलेली नाही.

आता माल. इंटरनेटवर काय विकावे याचा निर्णय चवीवरून होतो, तो मापावरून व्हायला हवा. कुरियरच्या व्यवहारात पुडक्याचे दोन प्रकारे वजन धरतात. एक काट्यावरचे. दुसरे आकारमानाचे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि येणाऱ्या आकड्याला बहुतेक कंपन्यांच्या रीतीप्रमाणे ५,००० ने भागायचे. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. विमानात आणि टेम्पोत जागा अडते, आणि अडलेल्या जागेचे भाडे लागते, एवढेच त्यामागचे तत्त्व.

या सूत्रासमोर मराठी फराळाची उभी वर्गवारी पालटते. पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे बहुतांशी हवा. थोडे पोहे, थोडे खोबऱ्याचे काप आणि मधे मधे शेंगदाणे अशा रचनेने ती हवा धरून ठेवलेली असते. अर्धा किलो चिवड्याला ३० बाय २० बाय १२ सेंटिमीटरचे खोके धरले तर गुणाकार ७,२०० येतो, भागाकार १.४४, आणि पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्याला नेऊन दीड किलोचे पैसे पडतात. म्हणजे ग्राहकाने अर्धा किलो चिवडा मागवला तर त्याच्यासोबत येरवड्याची एक किलो हवा मुंबईला जाते. हवा कमी करायची म्हणून दाबून भरला तर तो चिवडा राहत नाही, भुगा होतो. आणि भुग्यालाही ग्राहक असतात हे खरे असले तरी ते घरातलेच, पैसे न देणारे.

बेसनाचा लाडू या परीक्षेत पहिला येतो. तो घट्ट, गोल, टिकाऊ आणि स्वभावाने शांत असतो. मात्र त्यालाही एक अडचण आहे. मराठी मन अर्ध्या किलोत विचार करते आणि कुरियरचा पहिला टप्पाही बहुधा अर्ध्या किलोचाच असतो. अर्धा किलो लाडू खोक्यात ठेवले की खोक्याच्या वजनाने पुडके टप्प्याच्या थोडे वर जाते आणि भाडे एक किलोचे पडते. यावर उपाय म्हणजे लाडू ४०० ग्रॅमच विकणे. हा उपाय सुचवल्यावर घरातल्या उत्पादन विभागाचा, म्हणजे आईचा किंवा सासूबाईंचा, चेहरा पाहण्यासारखा होतो. ‘चारशे ग्रॅम? लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न नऊ चौकोनांत कुठेच बसत नाही, तरी अंतिम निर्णय त्यानेच होतो.

चकली तुटते. तुटलेल्या चकलीची चव तीच असते हे विक्रेत्याला पटते, ग्राहकाला पटत नाही. त्याने पैसे वेटोळ्याचे दिलेले असतात. करंजी प्रवासाला निघण्यापूर्वीच उलते. चिरोट्यांविषयी न बोललेले बरे. अनारसे मजबूत असतात, पण ते करता येणारी व्यक्ती घरात एकच असते आणि तिला घाई केलेली चालत नाही. शंकरपाळे तेवढे सर्व कसोट्यांना उतरतात: चौकोनी, भरीव, न मोडणारे, महिनाभर टिकणारे, एकात एक नीट बसणारे. इंटरनेटसाठीच जन्माला आल्यासारखा हा पदार्थ आहे. शंकरपाळे विकत घ्यावेत असे कुणाला वाटत नाही, एवढी एकच उणीव.

यात एक ग्राहकवर्ग असा आहे की ज्याला आकारमानाचे वजन, टप्पे आणि भाडे यांतले काहीही अडवत नाही. तो म्हणजे परदेशी असलेल्या मुलांचे पुण्यातले आईवडील. दिवाळीच्या आधी पुण्यातले कुरियरवाले फराळ परदेशी पाठवण्याच्या पाट्या लावतात आणि तिथे रांगा लागतात. मालापेक्षा भाडे जास्त, आणि तरीही घासाघीस नाही, असा हा भारतीय व्यापारातला दुर्मीळ प्रकार आहे. एरवी मेथीच्या जुडीसाठी दोन दुकाने पालथी घालणारे गृहस्थ न्यू जर्सीला चिवडा पाठवताना खिशातून पैसे काढतात आणि मोजतसुद्धा नाहीत. या वर्गाला ‘सर्व वयोगटां’तून वेगळे काढले असते तर अनेक धोरणे तरली असती. तो चौकोनात येत नाही, कारण भरणाऱ्याला तो ग्राहक न वाटता ‘आपले जोशी काका’ वाटतो.

हिशेबाचा टप्पा छोटा ठेवण्याकडे सर्वांचा कल असतो. उदाहरणादाखल अर्धा किलो चिवडा २८० रुपयांना विकायचा धरला, तर जिन्नस, तेल आणि गॅस १७०, खोके व पिशवी २५, भाडे ९०, पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे दोन टक्के म्हणजे साधारण सहा, अशी बेरीज २९१ होते. दर पुडक्यामागे ११ रुपये तोटा. यात भाजणाऱ्या बाईचे श्रम शून्य धरले आहेत. घरगुती व्यवसायात ते नेहमी शून्यच धरतात आणि त्याला ‘मायेची चव’ म्हणतात. तोटा दिसल्यावर उपाय असा निघतो की खप वाढवावा. शंभर पुडक्यांवर तोटा ११०० होतो, हजारांवर ११,०००. हे आलेखावर चढत्या रेषेने दाखवता येते आणि गुंतवणूकदारांना चढती रेषा आवडते. मिळकतीची फिकीर न करता काम काढण्याचे उदाहरण येरवड्याच्या शेजारीच आहे. आगाखान महाल १८९२ साली दुष्काळाने गांजलेल्यांना काम मिळावे म्हणून बांधायला घेतला होता. पण त्यासाठी आधी आगाखान असावे लागते.

जगाच्या बाजारातही हे आधी घडून गेले आहे. अमेरिकेत पेट्स डॉट कॉम या कंपनीने कुत्र्या-मांजरांचे खाणे, म्हणजे जड आणि स्वस्त माल, खरेदीपेक्षाही कमी भावाने घरपोच देण्याचे धोरण आखले. फेब्रुवारी २००० मध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुकान बंद झाले. किराणा घरपोच देणारी वेबव्हॅन २००१ च्या जुलैत दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी लिहिले की इंटरनेटमुळे धोरणाची गरज संपत नाही, वाढते. कारण जे सगळ्यांनाच करता येते त्यातून कुणाचाच नफा टिकत नाही. चहाच्या टपरीवर पोर्टरांचे नाव सर्वांना ठाऊक असते. लेख वाचलेला भेटत नाही.

कायद्याचा टप्पा त्या मानाने सुसह्य आहे, आणि इथे विनोदाला वाव कमी. उद्यम नोंदणी आधारवरून फुकट होते. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते. २०११ च्या नियमांत छोट्या उत्पादकाच्या नोंदणीचे वार्षिक शुल्क अवघे १०० रुपये ठेवलेले होते. मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्याखेरीज निव्वळ वजन, किंमत, तारीख, उत्पादकाचे नाव-पत्ता. पत्ता पूर्ण हवा; ‘कल्याणीनगरजवळ’ चालत नाही. जीएसटीचा धसका सर्वांत मोठा असतो. पूर्वी ऑनलाइन बाजारमंचावर एक पुडके विकायचे तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या मर्यादेपर्यंत काही अटींवर सूट मिळाली. त्यामुळे बेळगावच्या मावशीला चिवडा पाठवणे ही आता केवळ भावनिक बाब राहिलेली नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मात्र मराठी कुटुंबव्यवस्थेत एक नवे पद निर्माण केले. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याचे नाव व संपर्क जाहीर करावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असे त्यात आहे. घरगुती व्यवसायात या पदावर निवृत्त वडिलांची नेमणूक होते. त्यांना वेळ असतो, बँकेत किंवा वीज मंडळात तीस वर्षे तक्रारी ऐकल्याचा अनुभव असतो, आणि समोरचा थकेपर्यंत शांत राहण्याची कला साधलेली असते. पोच ते ४८ तासांऐवजी चार मिनिटांत देतात, त्यासोबत चिवडा मऊ का पडला यात ग्राहकाची चूक कशी आहे याचे सविस्तर विवेचन असते. (‘डबा उघडा ठेवला होतात ना?’) तक्रारदार दुसऱ्यांदा तक्रार करत नाही. दुसऱ्यांदा मागवतही नाही.

संकेतस्थळ भाचा बांधतो. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो आणि परीक्षा संपल्यावर बांधणार असतो. त्यावर ‘आमच्याविषयी’ असे एक पान लागते, ज्यात पणजीपासून चालत आलेली पाककृती, कोकणातले घर आणि चुलीचा धूर येतो. पाककृती प्रत्यक्षात यूट्यूबवरून घेतलेली असते, पण पणजी खरी असते. पैसे घेण्याची सोय एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने सोपी केली. तरी ‘माल हातात आल्यावर पैसे’ ही सोय ठेवावीच लागते, कारण न पाहिलेल्या चिवड्याचे पैसे आगाऊ देणे पेठेतल्या ग्राहकाच्या तत्त्वात बसत नाही. माल दारात आल्यावर त्याचा विचार बदलला, तो बाहेर गेला, किंवा त्याच वेळी शेजारच्या काकूंनी फराळाचे ताट दिले, तर पुडके परत येते. परतीचे भाडेही विक्रेत्याकडेच लागते. दोन्ही खेपांचा चिवडा घरी आल्यावर उघडतात. भुग्याचा ग्राहकवर्ग तिथे तयारच असतो.

पत्ता हा धोरणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि येरवड्यात तर तोच निम्मे धोरण आहे. गावठाण, लक्ष्मीनगर, नागपूर चाळ, यशवंतनगर अशा वस्त्यांतल्या गल्ल्या नकाशावर एका रेषेत दिसतात, प्रत्यक्षात त्या दोन पायऱ्या चढून, नळकोंडाळ्याला वळसा घालून, कुणाच्या तरी ओट्यावरून जातात. कुरियरचा मुलगा पुडके न्यायला येतो तेव्हा होणारा संवाद ठरलेला आहे. ‘दादा, कुठं यायचं?’ ‘गुंजन चौकात या आणि फोन करा.’ तो गुंजन चौकात येऊन फोन करतो. ‘आता सरळ या, मारुतीचं देऊळ लागेल, तिथून फोन करा.’ देवळापाशी दुसरे कुरियर घेऊन दुसरा मुलगा उभा असतो, त्याला आणखी वेगळ्या घरून हेच सांगितलेले असते. तिसऱ्या फोनला गल्लीतले लहान मूल त्याला हाताला धरून घेऊन येते. उपग्रहाच्या साह्याने चालणाऱ्या जागतिक व्यापाराचे शेवटचे दोनशे मीटर हे मूल पार पाडते. धोरणात त्याच्यासाठी तरतूद नसते; एक लाडू दिला जातो, आणि तो हिशेबात धरलेला नसतो.

नदीपलीकडचे ग्राहक हा स्वतंत्र प्रश्न आहे. बंडगार्डनचा पूल १८६९ पासून आहे, पण सदाशिव पेठेच्या भूगोलात येरवडा अजून ‘तिकडे, पार विमानतळाकडे’ असतो. न्यू जर्सीला फराळ पाठवणे सोपे आणि येरवड्याहून टिळक रोडला आणणे अवघड, असे या भूगोलाचे मत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये येरवडा मेट्रो स्थानक सुरू झाल्यावर यात फरक पडू लागला. मेट्रोने कामाला जाणारा शेजारी दोन पुडकी बरोबर नेतो आणि ठरल्या स्थानकावर जिन्याखाली ग्राहकाच्या हातात देतो. या पद्धतीत आकारमानाचे वजन नाही, परतीचे भाडे नाही, संकेतस्थळ नाही. शेजाऱ्याला दिवाळीत एक डबा द्यावा लागतो. तो तसाही द्यावा लागला असता.

प्रसिद्धीविषयी थोडक्यात. रील काढतात, त्यात चिवडा वरून खाली पडतो. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आधीच फुकट खाल्लेला असतो. गुगलच्या नकाशावर दुकानाची खूण लावली की शोधणाऱ्याला तिच्या आधी कारागृह दिसते.

आणि इथे त्या कारागृहाचा विचार करावाच लागतो, कारण धोरणाच्या कसोटीवर येरवड्यातला सर्वांत मजबूत व्यवसाय तोच आहे. बंदी तिथल्या कारखान्यांत लाकडी फर्निचर, कापड, बेकरीचे पदार्थ बनवतात; ते विक्री केंद्रात मिळतात आणि दिवाळीच्या सुमारास प्रदर्शन लागते. पुणेकर तिथे आवर्जून जातात, कारण माल दणकट आणि भाव वाजवी असा लौकिक आहे. पोर्टरांच्या भाषेत पाहिले तर इथे सगळेच जुळले आहे. पत्ता सर्वांना ठाऊक. कामगार वाढीव पगारासाठी हैदराबादला जात नाहीत. मालामागची कथा खरी असते, तिच्यासाठी पणजी शोधावी लागत नाही. २६ जानेवारी २०२१ पासून ‘कारागृह पर्यटन’ सुरू झाल्याने ग्राहकाला आत डोकावण्याचीही सोय झाली. आणि या व्यवसायाची नक्कल स्पर्धकाला करता येत नाही. करायची तर आधी गुन्हा करावा लागतो.

ऑनलाइन धंद्यातले पुण्याचे मोठे नाव म्हणजे फर्स्टक्राय. लहान मुलांचे कपडे आणि खेळणी इंटरनेटवर विकण्यासाठी ही कंपनी २०१० साली सुरू झाली. तिने ग्राहक शोधले ते प्रसूतिगृहांत: नुकत्याच बाळंत झालेल्या आईला भेटवस्तूंची पेटी द्यायची, म्हणजे गिऱ्हाईक दुपट्यात असल्यापासून ओळखीचे. पुढे तिने गावोगाव विटामातीची दुकानेही उघडली, कारण बाळाचे झबले हाताने चाचपून घ्यावे असे आजीला वाटते. १३ ऑगस्ट २०२४ ला तिच्या समभागांची नोंद शेअर बाजारात झाली तेव्हाही कंपनी तोट्यातच होती. टपरीवर या कथेतला शेवटचा भाग तेवढा उचलतात: तोटा चालतो. पेटी घेऊन प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहण्याचा भाग कुणी उचलत नाही.

धोरणाची अंमलबजावणी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस होते आणि भाऊबीजेला संपते. फराळाच्या धंद्याला वर्षाचे ३५० दिवस सुट्टी असते, ही बाब बारा महिन्यांच्या स्तंभांत सारखे आकडे भरताना सुटून जाते. त्यानंतर व्यवसाय दोनपैकी एका वाटेने जातो. पहिल्या वाटेने तो वहीत उतरतो. नाव, फ्लॅट नंबर, काय, किती, पैसे आले की नाही, असे पाच रकाने, सोसायटीच्या गटावर गुरुवारी संदेश, शनिवारी वाटप. घरातल्या बाईने हे सगळे पहिल्याच दिवशी सुचवलेले असते. त्या वेळी त्याला ‘हे वाढणारं मॉडेल नाही’ असे म्हटले गेले होते. ते वाढत नाही हे खरेच. दर महिन्याला थोडे पैसे तेवढे उरतात.

दुसऱ्या वाटेने तो गुंडाळला जातो. जीएसटी नोंदणी घेतली असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते; हे विसरले तर दंड लागतो, आणि बहुतेक जण विसरतात. अन्नसुरक्षेची नोंदणी मुदतीची असेल तर ती संपताच आपोआप मावळते. वेबपत्त्याचे तसे नसते. त्याचे शुल्क कार्डातून आपोआप कापण्याची मुभा उत्साहाच्या दिवसांत दिलेली असते, त्यामुळे ‘आजीचे गावरान माजघर’ पुढची काही वर्षे दर दिवाळीला नियमाने पैसे भरते. भाचा कॅम्पस मुलाखतीत ते संकेतस्थळ स्वतःचा प्रकल्प म्हणून दाखवतो आणि त्याला नोकरी लागते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन नंबर तिथे तसाच असतो. अधूनमधून कुणीतरी चुकून फोन करते आणि वडील अर्धा तास त्याच्याशी बोलतात.